याकच्या मुलखात आपण गायच! : उंचावर जाताना कोणत्या वयात काय जपाल?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की घरोघरी लडाखचे बेत शिजू लागतात आणि दर वर्षी त्याच शंका पुढे येतात. ‘बाळ दीड वर्षाचं आहे, नेलं तर चालेल का?’ ‘बाबा बहात्तरचे आहेत, पण रोज पर्वती चढतात. मग हरकत काय?’ ‘मुलगा रोज जिमला जातो, त्याला काय होणार?’ शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, ‘तिथं याक मजेत चरतात, मग आपणच पहिले दोन दिवस हॉटेलात का पडून राहायचं?’

हा शेवटचा प्रश्न गमतीचा वाटला तरी बाकीच्या सगळ्यांचं उत्तर त्यातच आहे. म्हणून सुरुवात याकपासूनच करू आणि मग तुमच्या बेताकडे वळू.

याकला जमतं ते आपल्याला का नाही?

हवेतलं प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे सारखंच, २१ टक्के असतं. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे लेहमध्ये तुमच्या प्रत्येक श्वासात मुंबईच्या मानाने साधारण दोन तृतीयांश प्राणवायू येतो आणि खारदुंग ला या खिंडीच्या माथ्यावर जेमतेम निम्मा.

अशा वेळी आपलं फुप्फुस काय करतं, ते समजायला शेतावर चला. पाण्याची पाळी आली की शेतकरी दारं धरतो. ज्या वाफ्याला पाणी नको, त्याचं दार बंद करून ते दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो. फुप्फुसाचंही तसंच. न्यूमोनियात एखादा भाग निकामी झाला की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सपाटीवर ही सोय उत्तम आहे. उंचावर मात्र सगळ्याच वाफ्यांत प्राणवायू कमी असतो आणि सगळीकडची दारं एकदम आवळली जातात. फुप्फुसातल्या रक्ताचा दाब चढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि जिथे दार नीट बंद झालेलं नसतं, तिथल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. फुप्फुसात पाणी भरतं ते असं.

याकच्या फुप्फुसातल्या धमन्यांच्या भिंती पातळ असतात, त्यांत स्नायूचा थर फार कमी असतो. आवळायला काही नसल्याने दाब चढत नाही. जोडीला छातीचा पिंजरा ऐसपैस असतो. गायीला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, तर याकला १४ ते १५. ही घडण अनेक पिढ्यांची आहे, दोन दिवसांच्या मुक्कामात ती कमावता येत नाही.

गायीचं फुप्फुस आपल्यासारखंच दारं आवळतं, किंबहुना जास्तच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत चरायला नेलेल्या गुरांच्या गळ्याखाली आणि छातीवर सूज येऊन ती दगावतात, हे तिथल्या पशुवैद्यांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं. उजवं हृदय थकल्यामुळे ही सूज येते.

डॉ. इंदर आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लडाखमध्ये याक, गायी आणि त्यांच्या संकरित जनावरांच्या फुप्फुसातला रक्तदाब मोजला. तो अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. याक आणि गायीचा संकर म्हणजे झो. त्याचं फुप्फुस याकच्या वळणावर गेलेलं निघालं. झोच्या मादीला, म्हणजे झोमोला, पुन्हा बैलापासून झालेल्या वासरांत मात्र काही याकसारखी निघाली, तर काही गायीसारखी.

माणसांतही धडधाकट दिसणाऱ्या दोघांपैकी कुणाचं फुप्फुस उंचावर जास्त आवळेल, ते चेहऱ्यावरून किंवा दंडावरून कळत नाही. त्यामुळे बेत आखताना नियम एकच ठेवा: घरातल्या सगळ्यांना गाय समजा. कुणी याक निघालाच तर त्याचं काही बिघडणार नाही.

कोणत्या वयात काय बघायचं?

तीन महिन्यांच्या आतलं बाळ. पोटात असताना बाळ फुप्फुसाने श्वास घेत नसतं. तिथल्या धमन्या जाड आणि आवळलेल्या असतात, जन्मानंतर काही आठवडे-महिन्यांत त्या पातळ होतात. हा बदल पुरा होण्याआधी बाळाला उंचावर मुक्कामी नेलं तर धमन्या पुन्हा आवळल्या जाण्याचा धोका असतो. सपाटीवरून ल्हासाला, म्हणजे सुमारे ३६५० मीटरवर नेलेल्या काही तान्ह्या बाळांचं उजवं हृदय गायींसारखंच थकल्याच्या नोंदी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ती बाळं तिथे काही आठवडे ते महिने राहिलेली होती. तुमची सहल आठवड्याची असली तरी या वयात ती पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

तीन महिने ते तीन वर्षं. इथे मुख्य अडचण अशी, की मूल ‘डोकं दुखतंय’ असं सांगू शकत नाही. किरकिर, दूध किंवा जेवण नाकारणं, उलट्या, झोप न लागणं ही लक्षणं प्रवासाच्या दगदगीचीही असतात आणि उंचीचीही. उंचावर असताना ती उंचीचीच धरून चाला. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, जन्मानंतर त्याला प्राणवायूवर ठेवावं लागलं असेल, हृदयाला छिद्र असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर बालहृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

तीन ते पंधरा वर्षं. मुलांना उंचीचा त्रास मोठ्यांइतकाच होतो, पण पोटात दुखणं, मळमळ अशा रूपात तो दिसतो. नुकती झालेली सर्दी किंवा खोकला हलक्यात घेऊ नका. विषाणूची लागण झालेल्या मुलाच्या फुप्फुसात उंचावर पाणी होण्याचा धोका वाढतो. निघण्याच्या आठवड्यात ताप आला, तर बेत पुढे न्या.

पंधरा ते चाळीस. कागदावर सगळ्यात सुरक्षित वाटणाऱ्या या गटाला प्रत्यक्षात फार जपावं लागतं, कारण तो थांबत नाही. व्यायामाने दम वाढतो, पण धमन्यांचं आवळणं कमी होत नाही. उतरल्या दिवशी सामान उचलून जिने चढणारा, संध्याकाळी लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत जाणारा आणि रात्री ‘फक्त एक पेग’ घेणारा बहुधा याच वयाचा असतो. डोकं दुखतंय हे तो मित्रांपासून लपवतोही.

चाळीस ते साठ. या वयात न तपासलेला आजार हा धोका असतो. रक्तदाब उंचीवर आणखी चढू शकतो. जोरात घोरणाऱ्या आणि वजन जास्त असलेल्या व्यक्तीचा प्राणवायू झोपेत आधीच उतरत असतो, तो उंचावर आणखी उतरतो. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि गरज असल्यास टूडी एको या तपासण्या निघण्याआधी महिनाभर करून घ्या.

साठीनंतर. नुसत्या वयामुळे उंचीचा त्रास वाढत नाही. साठीतली माणसं सावकाश चालतात, ऐकतात, विश्रांती घेतात, याचा फायदाच होतो. अडचण येते ती सोबतच्या आजारांची: अँजिओप्लास्टी, हृदयाची कमी झालेली क्षमता, दमा, बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने झिजलेलं फुप्फुस. बाबा पर्वती चढतात हे चांगलंच, पण पर्वतीवर हवा पुण्याचीच असते. परराष्ट्र मंत्रालयातर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेला १८ ते ७० ही वयोमर्यादा आणि वैद्यकीय तपासणी ठेवली आहे. त्या वाटेवर डोल्मा ला ही खिंड सुमारे ५६३० मीटरवर आहे आणि सामान वाहायला याकच असतात. खाजगी सहलीत अशी चाळणी नसेल, तर ती तुम्ही स्वतः लावा.

वय कोणतंही असो, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं:

- गर्भवती स्त्रिया.
- पूर्वी एकदा उंचावर फुप्फुसात पाणी झालेली व्यक्ती. तिला ते पुन्हा होण्याचा संभव बराच असतो.
- सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात हा विषय घरोघरचा आहे. रुग्णाने इतक्या उंचीवर जाऊ नये. वाहकाला गावी काहीच त्रास नसतो, पण उंचावर त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर लगेच रुग्णालय गाठा आणि ‘मी वाहक आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. तपासणीचं कार्ड सोबत ठेवा.

बेत आखा दिवसांचा नव्हे, रात्रींचा

शरीर उंची मोजतं ती झोपेच्या जागेची. दिवसा खिंड ओलांडून रात्री खाली झोपणं शरीर सहसा सोसतं. एकदम उंच जागी झोपणं त्याला जड जातं.

1. एका कागदावर प्रत्येक रात्रीचं गाव आणि त्याची उंची मीटरमध्ये लिहा.
2. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढत असेल, तिथे लाल खूण करा.
3. दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा ठेवा.
4. थेट विमानाने लेहला जात असाल, तर पहिले ४८ तास गावातच राहा. लेहचा विमानतळ ३२५६ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास दोन कळसूबाई एकावर एक. तेवढी चढण तुम्ही खुर्चीत बसून चढलेले असता.
5. शेवटी घरातली सगळ्यात नाजूक व्यक्ती कोण, ते ठरवा आणि सगळ्यांचा बेत तिच्या वेगाने आखा.

कोणता रस्ता निवडाल?

- श्रीनगरमार्गे: श्रीनगर (१५८५ मीटर), कारगिल (२६७६ मीटर), मग लेह (सुमारे ३५०० मीटर). झोजी ला ही खिंड ओलांडावी लागते, पण मुक्काम हळूहळू चढत जातात. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर हा मार्ग सगळ्यात सोसणारा.
- मनालीमार्गे: मनाली २०५० मीटरवर, जिस्पा सुमारे ३२००, पण पुढचा नेहमीचा मुक्काम सरचूला, थेट ४२९० मीटरवर. एका रात्रीत हजार मीटर! शिवाय सरचूच्या दोन्ही अंगांना त्याहून उंच खिंडी आहेत, त्रास झाला तर उतरायला वाट नाही. हा रस्ता जाताना नव्हे, सवय झाल्यावर परतताना निवडा.
- विमानाने: वेळ वाचतो, पण तो पहिल्या दोन दिवसांच्या विश्रांतीत परत द्यावाच लागतो. नंतर सुरुवातीला आल्ची किंवा नुब्रा (दोन्ही ३१०० मीटरच्या आसपास) करा. पँगाँगचा मुक्काम (४२०० मीटरच्या वर) शेवटी ठेवा. लहान मूल किंवा हृदयरोगी सोबत असेल तर तिथली रात्र गाळलेलीच बरी.
- सिक्कीम आणि केदारनाथ: लाचेनहून (सुमारे २७५० मीटर) गुरुडोंगमार सरोवर (५१८३ मीटर) एका सकाळीत गाठलं जातं. तिथे रेंगाळू नका, बघून लगेच उतरा. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. हेलिकॉप्टरने गेलात तर वर उतरताच घाईने चालू नका आणि जमल्यास त्याच दिवशी परता.

एक छुपा सापळा: पँगाँगहून लेहला ‘उतरायचं’ तर नेहमीच्या वाटेवर आधी चांग ला, म्हणजे सुमारे ५३६० मीटर चढावं लागतं. नुब्राहून परततानाही खारदुंग ला (५३५९ मीटर) आडवी येते. त्यामुळे तिथे त्रास सुरू झाला तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा लष्कराच्या वैद्यकीय चौकीत मदत मागा आणि प्राणवायू लावूनच खिंड ओलांडा.

या चुका टाळा

- कापराची पुरचुंडी. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात, म्हणून मुलाच्या गळ्यात ती बांधू नका.
- ‘कोका’च्या होमिओपॅथिक गोळ्यांवर भिस्त. त्यांनी उंचीचा आजार टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. घेतल्या तरी विश्रांतीचे दिवस कापू नका.
- प्राणवायूचा छोटा डबा. तो काही मिनिटांत संपतो. गाडीत मोठा सिलिंडर, मास्क आणि तो लावता येणारा माणूस हवा.
- ऑक्सिमीटरकडे टक लावणं. पहिल्या दिवशी लेहमध्ये ८५ ते ९० च्या आसपासचा आकडा पाहून घाबरू नका. गार बोटावर तो चुकतोही, बोट ऊब देऊन मग मोजा. आकडा बरा असला तरी लक्षणं वाईट असतील, तर लक्षणांवर विश्वास ठेवा.
- डायमॉक्स मनाने घेणं. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड हे उपयोगी औषध आहे, सहसा चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना सांगावंच लागतं. मुलांची मात्रा वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.
- झोपेची गोळी आणि दारू. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. पहिले काही दिवस दोन्ही वर्ज्य.
- प्रीपेड मोबाइल. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत. घरटी किमान एक पोस्टपेड क्रमांक हवा, अडचणीच्या वेळी फोन लागला पाहिजे.

लक्षणं दिसली तर काय करायचं?

डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं: पोहोचल्यावर ६ ते १२ तासांत हे सुरू होऊ शकतं. आहात तिथेच थांबा, वर चढू नका, पाणी बेताने प्या, साधं जेवा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, छातीत घुरघुर, निळसर ओठ, फेसाळ गुलाबी थुंकी: हे फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण आहे, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री दिसतं. आदल्या दिवशी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. ताबडतोब प्राणवायू लावा, रुग्णालयात न्या, खाली उतरवा. रुग्णाला चालवू नका, चालण्याने दाब आणखी चढतो.

तोल जाणं, असंबद्ध बोलणं, गुंगी: मेंदूला सूज येते आहे. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर एक मिनिटही दवडू नका.

आजारी माणसाला खोलीत एकटं सोडून बाकीच्यांनी फिरायला जाऊ नये. ‘तू झोप, आम्ही येतो संध्याकाळपर्यंत’ हे वाक्य उंचावर महागात पडतं.

तुमचे हक्क, तुमचे कागद

- पैसे भरण्याआधी सहल कंपनीकडून प्रत्येक रात्रीचा मुक्काम, त्याची उंची आणि विश्रांतीचे दिवस लेखी घ्या. गाडीत प्राणवायू असेल का, हेही त्यात येऊ द्या.
- आजारपणामुळे मधून परतल्यास किती रक्कम मिळेल, ते आधी विचारा. ‘तिथं गेल्यावर बघू’ हे उत्तर मान्य करू नका.
- त्रास होत असताना ‘सगळा ग्रुप खोळंबेल’ म्हणून पुढच्या मुक्कामाला चढण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. नकार द्या आणि तो संदेशावर लिहून ठेवा.
- लेखी कबूल केलेलं पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.
- अत्यवस्थ रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. आपत्कालीन क्रमांक ११२.
- विम्याची अट वाचा. आरोग्य विमा रुग्णालयाचा खर्च देईल, पण विमानाने हलवण्याचा देईलच असं नाही. ट्रेकिंग वगळलेलं आहे का, तेही बघा.

आज रात्री एवढं करा

जेवणं झाली की सगळ्यांना बसवा आणि मुक्कामांच्या उंचीचा तो कागद काढा. तान्हं बाळ, सर्दी झालेली नात, घोरणारे काका, जिमला जाणारा मुलगा, प्रत्येकाचं नाव त्याच्या जोखमीसह खाली लिहा. मग लाल खुणांपैकी एक तरी मुक्काम खोडा आणि त्या जागी विश्रांतीची रात्र लिहा. एक सरोवर कमी पाहिल्याची हळहळ परतीच्या विमानापर्यंतही टिकत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, डोकं शांत आणि पावलं हलकी झाल्यावर, कुरणात चरणारा याक भेटेलच. त्याला लांबूनच बघा, त्याच्या चालीने चाला. तोसुद्धा चढावर कधी घाई करत नाही.